‘मोकळी जमीन’ म्हणजे कोणती? गिरणगावातील एका नियमाचे प्रकरण

मुंबईच्या जुन्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम कापड गिरण्यांच्या जमिनींसंबंधी होता. १९९१ साली तो लागू झाला तेव्हा त्याची योजना साधी होती. गिरणीच्या जागेचा नव्याने विकास करू इच्छिणाऱ्या मालकाने जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत, एक महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी द्यावा, दुसरा म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी द्यावा आणि तिसरा स्वतःकडे ठेवावा. वाटणीत येणारी जमीन दोन प्रकारची होती: गिरणीच्या आवारातील मोकळी जमीन, आणि जुनी बांधकामे पाडल्यावर रिकामी होणारी जमीन. मार्च २००१ मध्ये राज्य शासनाने नियमात दुरुस्ती केली आणि यांपैकी दुसरा प्रकार वगळला. वाट्यांचे प्रमाण, उद्यानांचा उल्लेख, म्हाडाचे नाव हे सारे जागच्या जागी राहिले. गेला तो एक वाक्यांश, आणि त्याच्याबरोबर मध्य मुंबईतील शेकडो एकर सार्वजनिक जमिनीवरचा हक्क.

गिरणी कामगारांची कहाणी सहसा १९८२ च्या संपाची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि ती संपाच्या पराभवाशी संपते. गेटवरच्या सभा, मोर्चे, संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांची भाषणे, उपासमार आणि गावाकडे परतलेली कुटुंबे यांची चित्रे त्या सांगण्यात ठळक असतात आणि ती खरीही आहेत. परंतु हा लढा रस्त्यावर जितका हरला गेला, तितकाच तो दोन कागदांवर हरला गेला, असे माझे मत आहे. पहिला कागद कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवणारा होता आणि तो संपाच्या ३६ वर्षे आधी तयार झाला होता. दुसरा कागद वर सांगितलेला नियम होय. या दोन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय लाखो माणसांचा पाठिंबा असलेली चळवळ सत्ताधारी राजकारण आणि भांडवल यांच्यासमोर का टिकली नाही, आणि तरीही तिने नंतर काही मिळवले ते कसे, हे कळत नाही.

बोलण्याचा अधिकार

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ या कायद्याने एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य करण्याची पद्धत आणली. ठरावीक सभासदसंख्या दाखवणाऱ्या संघटनेला एकदा ही मान्यता मिळाली की मालकांशी करार करण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो. इतर संघटनांच्या मागे कितीही कामगार असले तरी त्यांच्याशी बोलण्याचे कायदेशीर बंधन मालकावर राहत नाही, आणि त्यांनी पुकारलेला संप सहज बेकायदेशीर ठरतो. मुंबईच्या कापड उद्योगात ही मान्यता इंटक या काँग्रेसप्रणीत कामगार महासंघाशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि तिथेच राहिली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपापासून गिरणगावात पाय रोवून असलेल्या लाल बावट्याला, म्हणजे कम्युनिस्ट संघटनेला, या व्यवस्थेत जागा उरली नाही, आणि त्यामागे हेतूही तोच असावा, असे मानायला जागा आहे. कागदावर पाहता मान्यताप्राप्त संघटनेला हटवण्याची तरतूद कायद्यात होती. परंतु सभासदत्वाची पडताळणी, निबंधकाकडील सुनावण्या, अपिले या वाटेने जाणाऱ्याला वर्षे मोजावी लागत, आणि तोवर वर्गणी गोळा करण्याचे व कामगारांना नोकरीला चिकटवण्याचे सारे मार्ग जुन्या संघटनेच्या हाती असत.

मिल मजदूर संघाबद्दलचा कामगारांचा राग केवळ पगाराचा नव्हता. गिरणीत ‘बदली’ म्हणून राबणारे हजारो कामगार होते. पाळीच्या वेळी गेटवर जायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी सांच्यावर (यंत्रावर) उभे राहायचे, नसेल तर घरी परतायचे, असे त्यांचे दिवस जात. महिन्यात किती खाडे पडतील याचा भरवसा नसे. अशी दहा-पंधरा वर्षे काढूनही कायम न झालेली माणसे चाळीचाळीत होती. संघाने मालकांशी केलेल्या करारांत त्यांच्यासाठी फारसे काही नसे. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उफाळला, तेव्हा काही गिरण्यांचे कामगार घाटकोपरला डॉ. सामंत यांच्या घरी गेले आणि आमचे नेतृत्व करा म्हणून अडून बसले. सामंत अभियांत्रिकी कारखान्यांतील कामगारांना मोठी पगारवाढ मिळवून देणारे पुढारी म्हणून प्रसिद्ध होते. कापड उद्योगाचा त्यांना अनुभव नव्हता. पुढाऱ्याने कामगारांना हाक दिली नव्हती, कामगारांनीच पुढारी निवडला होता, ही गोष्ट या प्रकरणात विसरून चालणार नाही. संप फसल्यानंतर ‘सामंतांनी कामगारांना बुडवले’ असे जे सर्रास म्हटले गेले, त्यात कामगारांना स्वतःची अक्कल नव्हती, असे गृहीत धरलेले असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार आणि साठच्या आसपास गिरण्या संपावर गेल्या. भरीव पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा कायदा रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या. यातील तिसरी मागणी सरकारला सर्वांत जड होती. पगारवाढीचा आकडा घासाघीस करून खाली आणता येतो. कायदा रद्द करणे म्हणजे मात्र मुंबईच्या सर्वांत मोठ्या कामगारवर्गावरचा काँग्रेसचा ताबा स्वहस्ते सोडणे होते, आणि एकदा गिरण्यांत ते घडले की गोदी, बंदर, सार्वजनिक उपक्रम येथेही सामंत शिरतील, ही भीती दिल्लीपर्यंत होती. राज्यात त्याच महिन्यात अंतुले यांचे सरकार जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले होते, आणि सगळे निर्णय केंद्राच्या तोंडाकडे पाहून होत होते. सरकारने सामंतांशी वाटाघाटी करण्याचे टाळले, आणि त्यासाठी कारणही तयार होते: कायद्याने ते कामगारांचे प्रतिनिधीच नव्हते.

मालकांनाही घाई नव्हती. अनेक गिरण्यांत कापडाचे साठे पडून होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमागांवर कमी मजुरीत कापड विणून घेण्याची सोय होती आणि संपाच्या काळात ती आणखी पक्की झाली. जुनाट यंत्रे, थकलेली कर्जे आणि मोठा पगारपट डोक्यावर असलेल्या मालकाला सहा महिने गिरणी बंद राहणे हे संकट वाटण्याऐवजी सुटका वाटण्याचीच शक्यता जास्त होती. संपाचे हत्यार उत्पादन अडवून मालकाला नुकसानीत आणते. उत्पादनातच ज्याचा जीव उरलेला नाही, त्याच्यावर ते कसे चालणार, याचे उत्तर सामंतांकडे नव्हते. नुकसानभरपाईचा एखादा तोडगा स्वीकारून माघारी फिरण्याची त्यांनी तजवीज ठेवली नाही, आणि ही त्यांची मोठी चूक होती. संघाची मान्यता कायद्याच्या मार्गाने काढून घेण्याचा कंटाळवाणा उद्योग बाजूला ठेवून कायदाच रद्द करा, या मागणीवर सारे पणाला लावणे ही दुसरी.

संप इतका काळ टिकला याचे श्रेय मात्र गावांना आणि बायकांना द्यावे लागेल. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेल्या कामगारांचे गावाशी नाते तुटलेले नव्हते. कुटुंबे गावी गेली, शेतात राबली, आणि गावांनी गोळा केलेले धान्य मुंबईला आले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी महिनोन्महिने उधारीवर ताटे वाढली. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळात अशाच बायका संघटित झाल्या होत्या. गिरण्या बंद पडल्यावर त्यांचाही धंदा बसला. गिरणी कामगारांच्या नुकसानीच्या कोणत्याही हिशेबात त्यांचे नाव आलेले नाही.

संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. १९८३ मध्ये हळूहळू काही जण कामावर परतले. ज्यांना परत घेतले नाही अशांची संख्या लाखाच्या वर गेली. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची प्रचंड लाट असतानाही, दक्षिण मध्य मुंबईतून सामंत लोकसभेवर निवडून आले. हरलेल्या संपाच्या पुढाऱ्याला गिरणगावाने दिलेले हे मत होते. त्यातून कायदा बदलला नाही आणि संघाची मान्यताही गेली नाही.

कापडापेक्षा जमीन महाग

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अनेक गिरण्यांना टाळे लागले होते आणि कामगारांची देणी थकली होती. २ ऑक्टोबर १९८९ रोजी मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी उपोषण सुरू केले आणि त्यातून बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी राहिली. सुरुवातीची मागणी बंद गिरण्या पुन्हा सुरू करा, ही होती. इस्वलकर सामंतांच्या अगदी उलट प्रकृतीचे होते: मृदू बोलणारे, लहान सभा घेणारे, वकिलांकडे आणि नगररचनाकारांकडे कागद घेऊन जाणारे. त्यांच्याभोवती जमलेल्या कामगारांना दोन-तीन वर्षांत एक गोष्ट कळून चुकली. मालकाला आता सूत नको होते, कामगार नको होता आणि बाजारही नको होता. त्याला हवे होते ते गिरणीखालचे आवार. परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी, भायखळा या पट्ट्यातील ५८ गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि ही जमीन दक्षिण मुंबईच्या कचेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर होती.

१९९१ च्या नियमाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. गिरणीच्या जमिनीचा वापर तोवर उद्योगापुरता बांधलेला होता. नियमाने मालकाला विक्रीची आणि विकासाची वाट मोकळी करून दिली आणि त्या बदल्यात शहराचा वाटा मागितला. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीत महापालिकेला ३३ टक्के, म्हाडाला २७ टक्के आणि मालकाला ४० टक्के. पाच ते दहा हेक्टरमध्ये अनुक्रमे ३३, ३४ आणि ३३ टक्के. दहा हेक्टरच्या वर ३३, ३७ आणि ३० टक्के, असे कोष्टक होते. जमीन विकून येणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून कामगारांची देणी आणि गिरणीचे पुनरुज्जीवन करावे, अशीही अपेक्षा होती. मालकांच्या दृष्टीने हा सौदा महाग होता, म्हणून त्यांनी तो केलाच नाही. त्याच नियमात एक फट होती. उभी असलेली बांधकामे न पाडता त्यांचा वापर बदलला, तर जमिनीचा वाटा द्यावा लागत नसे. मग गिरणीच्या गाळ्यांत कचेऱ्या आल्या, जाहिरात कंपन्या आल्या, उपाहारगृहे आणि दुकाने आली. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून दाखवलेल्या जागेत बोलिंग ॲली सुरू झाल्याचे उघड झाले, तेव्हा संघर्ष समितीने त्यावर आंदोलन केले. ज्या परिसरात देणी मिळावीत म्हणून माणसे गेटसमोर बसली होती, त्याच परिसरात ही करमणूक चालू होती, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

१९९६ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. सर्व गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित विचार करून सलग मैदाने, रस्ते आणि घरे आखावीत, तुकड्यातुकड्यांनी वाटणी करू नये, अशी त्यांची मांडणी होती. खासगी मालकांनी गटाला आवारात येऊ दिले नाही, म्हणून अहवाल केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांपुरता राहिला, आणि तोही अमलात आला नाही. मराठी माणसाच्या नावाने सत्तेवर आलेल्या सरकारला गिरणगावातील मराठी माणसासाठी नियोजनाचा आराखडा हाती असूनही तो राबवता आला नाही, किंवा राबवावासा वाटला नाही.

एका वाक्यांशाचे मोल

२००१ ची दुरुस्ती विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना झाली. शासनाची बाजू अशी होती की दहा वर्षांत फारसे मालक पुढे आले नाहीत, जमीन अडकून पडली आणि कामगारांची देणीही. मालकाला थोडे अधिक दिले तर सगळेच सुटेल. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. देणी थकलेल्या हजारो कामगारांना जमीन विकली जाऊन आपले पैसे मिळावेत असे खरोखरच वाटत होते, आणि ते वाटणे पुढे न्यायालयातही मालकांच्या कामी आले. प्रश्न ‘थोडे अधिक’ म्हणजे किती, हा होता.

एक काल्पनिक गिरणी घेऊ. तिची जमीन दहा एकर, म्हणजे सुमारे चार हेक्टर आहे आणि त्यातील आठ एकरांवर बांधकाम आहे. जुन्या पद्धतीने सगळे पाडून नवा विकास केला, तर महापालिका आणि म्हाडा यांना मिळून दहाच्या साठ टक्के, म्हणजे सहा एकर जमीन जाते. नव्या पद्धतीने वाटणी फक्त उरलेल्या दोन एकरांची होते आणि दोघांच्या वाट्याला सव्वा एकराहून थोडी कमी जमीन येते. पाडलेल्या बांधकामाइतके बांधकाम मालक पुन्हा उभारू शकतो आणि त्यातले काही द्यावे लागत नाही. हे उदाहरण मी मुद्दाम टोकाचे घेतलेले नाही. विणकामाच्या शेडी एकमजली असत. उत्तरेचा सारखा उजेड मिळावा म्हणून त्यांवर करवतीच्या दात्यांसारखी छपरे असत आणि त्या ऐसपैस पसरलेल्या असत. गिरणीचे आवार बांधकामाने व्यापलेले दिसते ते त्यामुळेच. उद्योगासाठी लागणारा जो पसारा गिरणीला गिरणी बनवत होता, तोच उद्योग संपल्यावर वाटणीतून सुटका देणारा ठरला.

या बदलाची बेरीज न्यायालयात आली तेव्हा आकडे असे होते: मैदाने-उद्यानांसाठी जिथे सुमारे १६६ एकर मिळाले असते तिथे सुमारे ३२ एकर, आणि म्हाडाच्या घरांसाठी जिथे सुमारे १६० एकर मिळाले असते तिथे सुमारे २५ एकर. विधानसभेत मोठी चर्चा झाली नाही, मोर्चा निघाला नाही, कोणी राजीनामा दिला नाही. नियमावलीतील दुरुस्ती ही अधिसूचनेने होते. तिच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात आणि त्या भरून देणारी माणसे बहुतेक वास्तुरचनाकार, विकासक आणि वकील असतात. चळवळीच्या लोकांनाही या दुरुस्तीचा पूर्ण अर्थ जमिनींचे व्यवहार सुरू झाल्यावरच लक्षात आला. १९४६ च्या कायद्याने कामगाराला वाटाघाटीच्या टेबलाबाहेर ठेवले होते. या अधिसूचनेने त्याला, आणि त्याच्याबरोबर शहरालाही, आकडेमोडीबाहेर ठेवले. जमिनीच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या समितीत कामगारांच्या वतीने बसण्याचा मानही मान्यताप्राप्त संघटनेकडेच गेला.

लिलाव आणि निकाल

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. मुंबई टेक्स्टाइल मिलसाठी ७०२ कोटी रुपये आले, एल्फिन्स्टनसाठी ४४१ कोटी, कोहिनूर क्रमांक ३ साठी ४२१ कोटी, ज्युपिटरसाठी २७६ कोटी आणि अपोलोसाठी १८० कोटी. दादरच्या शिवसेना भवनासमोरील कोहिनूर मिलची जमीन घेणाऱ्या समूहात माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे पुत्र आणि राज ठाकरे यांचा सहभाग होता. व्यवहार उघड लिलावात झाला. गिरणगावात मात्र त्याची वेगळी नोंद झाली. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक यांना निवडून देऊन शिवसेनेला विधानसभेतली पहिली जागा याच वस्तीने दिली होती.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने २००१ च्या दुरुस्तीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि गिरणी कामगारांच्या संघटनाही त्यात उतरल्या. शहरासाठी मैदाने मागणारे पर्यावरणवादी आणि घरे मागणारे कामगार यांची ही जोडी सहज जुळलेली नव्हती. एकाला जमीन रिकामी हवी होती, दुसऱ्याला तिच्यावर इमारत. दोघांना एकत्र आणले ते वगळलेल्या वाक्यांशाने, कारण त्यात दोघांचेही वाटे गेले होते. १७ ऑक्टोबर २००५ रोजी उच्च न्यायालयाने, बांधकामे पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही मोकळ्या जमिनीतच धरली पाहिजे, असा अर्थ लावला. त्याच वर्षी २६ जुलैच्या पुरात मुंबई बुडाली होती आणि शहराला मोकळ्या जागा का लागतात, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. मालक, विकासक आणि महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मार्च २००६ च्या निकालाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली. नियम बनवणे हे शासनाचे धोरणात्मक काम आहे, आजारी उद्योगांचे पुनर्वसन आणि कामगारांची देणी यांचाही विचार शासन करू शकते, असा त्यामागील विचार होता. कामगारांच्या हिताचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले, आणि न्यायालयाने ते मालकांच्या बाजूने मोजले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत लोअर परळचे रूप बदलले. जमिनींच्या जाहिरातींत काही विकासक त्या भागाला ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले. परळ हे नाव फ्लॅटच्या किमतीला शोभत नसावे.

घराची मागणी

या निकालानंतर चळवळ संपायला हवी होती, आणि ती संपली नाही. संघर्ष समितीने आणि इतर संघटनांनी मागणी बदलली. जमीन गेली असली तरी म्हाडाच्या वाट्याला जे पंचवीस एकर येणार होते, त्यावरील घरे गिरणी कामगारांना मिळावीत, हे त्यांनी धरून ठेवले. शासनाने त्यातील दोन तृतीयांश घरे कामगारांसाठी आणि एक तृतीयांश संक्रमण शिबिरासाठी (घर पाडले जाणाऱ्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी), अशी विभागणी मान्य केली. काम देण्याची मागणी सोडून घराच्या मागणीवर येणे ही माघार होती, असे काही जुन्या कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे. मला ते पूर्ण पटत नाही. कामाची मागणी करणाऱ्याला मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहावे लागत होते. घराची मागणी करणाऱ्याला निदान एक नियम, जमिनीचा एक तुकडा आणि एक सरकारी संस्था यांच्याकडे बोट दाखवता येत होते. चळवळ कागद वाचायला शिकली ती इथे.

म्हाडाने अर्ज मागवले तेव्हा सुमारे १ लाख ४८ हजार अर्ज आले आणि नंतरच्या फेरीत ही संख्या पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. २८ जून २०१२ रोजी पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. २०१६ मध्ये दोन सोडती झाल्या, एक २,६३४ घरांची आणि दुसरी पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली. चारही मिळून १५,८७० घरे होतात, म्हणजे अकरा अर्जदारांमागे एक. वाटणीची जमीन १६० एकर राहिली असती तर हे गुणोत्तर काय झाले असते, हा हिशेब वाचकाला करता येईल. उरलेल्यांसाठी शासनाने मार्च २०२४ च्या निर्णयाने मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचे ठरवले. ही दोन्ही स्थानके कर्जत मार्गावर, बदलापूरच्याही पलीकडे आहेत. घर मुंबईतच हवे, गिरण्यांच्या जमिनींवर हवे, या मागणीसाठी ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर पुन्हा कामगार जमले, आणि त्यात वारसदारांची संख्या मोठी होती. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले होते. सामंतांची हत्या १६ जानेवारी १९९७ रोजी झाली होती.

या घरांच्या पात्रतेची अट पाहण्यासारखी आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव होते, तो कामगार किंवा त्याचा वारस अर्ज करू शकतो. संप सुरू होण्याच्या सतरा दिवस आधीची ही तारीख आहे. ती १९८३ नंतरची धरली असती, तर संपात नोकरी गमावलेले सगळे जण एका फटक्यात बाहेर पडले असते. ती या जागी राहावी म्हणून संघटनांना भांडावे लागले. ज्या राज्याने या संपकऱ्यांशी बोलण्यास ते प्रतिनिधी नाहीत म्हणून नकार दिला होता, त्याच राज्याचा अधिकारी आता खिडकीपलीकडे बसून त्यांचे तिकीट क्रमांक, गेटपास, भविष्यनिर्वाह निधीच्या चिठ्ठ्या आणि राज्य विमा योजनेची कार्डे तपासतो. पावसाळ्यात चाळीच्या छपरातून गळलेल्या पाण्याने त्यांतल्या अनेकांवरची शाई पुसली गेली आहे, आणि पात्रता ठरते ती जेवढी अक्षरे वाचता येतात तेवढ्यावर.